नळ ठिबकू द्या

या सदराचे जुने वाचक मला चांगले ओळखून आहेत. गळक्या नळावर मी आजवर किती वेळा लिहिले याची मोजदाद संपादकांनीही सोडून दिली आहे. वायसर बदला, आटे पाहा, दोरा-सफेदा लावा, काहीही करा पण नळ ठिबकू देऊ नका, हा माझा धोशा. एका वाचकभगिनींनी तर कळवले की, ‘तुमचे वाचून आमच्या ह्यांनी रात्री अकरा वाजता पाना हाती घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या इमारतीचे पाणी बंद!’ ते पातक मी माझ्या खात्यावर लिहून घेतले आहे. अशा माणसाने ऐन दिवाळीच्या अंकात वरचा मथळा द्यावा, म्हणजे कीर्तनकाराने तमाशाची जाहिरात करावी तशातली गत. पण मथळा मी पूर्ण शुद्धीवर असताना दिला आहे. त्यामागची हकीकत इतकी वर्षे लिहिली नाही याचे कारण एवढेच की, तीत माझी फारशी शोभा नाही.

गोष्ट २०१९ सालच्या जानेवारीतली. धाकट्या लेकीचे दुसरे बाळंतपण होते. ती राहते अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या एका उपनगरात. ऐन डिसेंबरात तिकडे जाणारा माणूस एक तर वेडा असावा, नाही तर त्याची लेक बाळंत व्हायची असावी. आमची सौ. डिंक, खारीक, आळीव असा सरंजाम बांधून निघाली आणि मी तिच्या सामानाचा हमाल म्हणून मागोमाग. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नात झाली. थोरला नातू सहा वर्षांचा. जावई स्वभावाने गरीब, आणि घर तसे जुने, साठ वर्षांपूर्वीचे, लाकडी सांगाड्याचे, खाली तळघर.

तळघरात मी पहिल्याच दिवशी उतरलो. माझा उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या नोकरीत गेला. परक्या गावी लोक देवळे पाहतात, मी नळ पाहतो. त्या घरात पाण्याचा मीटर तळघरात! आमच्याकडे मीटर फाटकाशी असतो, म्हणजे वाचणाऱ्याला सोयीचा आणि चोरणाऱ्यालाही. जावयांना विचारले तेव्हा कळले, मीटर बाहेर ठेवला तर हिवाळ्यात तो गोठून फुटेल. रस्त्यातली पाण्याची मुख्य नळवाहिनी तिथे साडेसात-आठ फूट खोल गाडतात, कारण थंडी जमिनीत पाच-सहा फूट सहज उतरते. आमच्याकडे तीन फूट खोदले की ठेकेदार घाम पुसतो आणि बिल लावतो. तळघरातून वर गेलेले नळ सगळे तांब्याचे, अर्ध्या इंचाचे, डाक देऊन जोडलेले. मला ते पाहून बरे वाटले. तांबे हा खानदानी धातू. प्लॅस्टिकच्या नळ्यांविषयी माझे मत त्या वेळी असे होते की, त्या शेतात ठिबक सिंचनाला ठीक, भिंतीत नव्हे.

जानेवारीच्या अखेरीस उत्तर ध्रुवाकडची हवा खाली घसरली. ३० तारखेच्या पहाटे मिनियापोलिसात पारा उणे ३३ अंश सेल्सिअसवर गेला. शाळा बंद. टपाल खात्यानेही त्या दिवशी राज्यात टपाल वाटले नाही. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी धरली होती आणि नातू नखाने तिच्यात मोटारी काढत होता.

आदल्या चार-पाच रात्री मी पाहत होतो की, लेक झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरातला नळ अगदी बारीक सोडून ठेवते. टिप्, टिप्, टिप्. शिवाय सिंकखालच्या कपाटाची दोन्ही दारे सताड उघडी. सौ.ने विचारले तेव्हा तिने सांगितले, ‘‘आई, ही बाहेरची भिंत आहे ना, तिच्यातून नळ येतो. दारं उघडी ठेवली की घरातली ऊब आत जाते. आणि नळ ठिबकत ठेवला की फुटत नाही म्हणतात.’’ मी हे ऐकले होते. ऐकले नव्हते असे म्हणायची सोय असती तर ही हकीकत मला पूर्वीच लिहिता आली असती. पण ‘म्हणतात’ या शब्दावर माझे मन अडले. घरात विसाच्या वर तापमान, माणसे बंड्या घालून हिंडतात, आणि नळ म्हणे फुटेल! मांजर आडवे गेल्याप्रमाणे हाही तिथला एखादा समज असेल, अशी मी माझी समजूत घातली.

इथे थोडे मागे जायला हवे. १९७२च्या दुष्काळात मी चोवीस वर्षांचा, नोकरीत नवा, सांगोला तालुक्यात टँकरवर नेमलेला ओव्हरसियर होतो. टँकर आला की विहिरीत ओतायचा आणि मग बायकांनी पोहऱ्याने शेंदायचे. टँकरच्या मागच्या कॉकमधून थेंब गळे. एका गावी एक म्हातारी त्या थेंबाखाली तांब्या धरून बसली. टँकर रिकामा होईस्तोवर ती हलली नाही. ड्रायव्हर म्हणाला, आजी, उठा आता, गाडी काढायची आहे. तिने तांब्यात पाहिले आणि म्हणाली, ‘‘थांब लेका, गळ्याला आलाय.’’ त्यानंतर ठिबकणाऱ्या नळाचा आवाज मला झोपू देत नाही. यात काही मोठेपणा नाही. कुणाला कुत्र्याचे भुंकणे सोसत नाही, तसे.

तर ३० तारखेच्या रात्री, म्हणजे पहाटे दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो. अंधारात कपाटाच्या उघड्या दारावर नडगी आपटली. वर तो टिप् टिप् चालूच. मी दारे लावली. नळ घट्ट बंद केला. वायसर चांगला होता, एक थेंब गळेना. पुण्यकर्म केल्याच्या समाधानाने मी पुन्हा गोधडीत शिरलो आणि त्या मुक्कामात झोपलो नव्हतो इतका गाढ झोपलो.

सकाळी चहाचे आधण ठेवायला सौ.ने नळ सोडला तर थेंब नाही. ‘‘पाणी गेलं वाटतं,’’ मी सवयीने म्हणालो. चाळीस वर्षे लोकांनी मला हेच वाक्य ऐकवले होते. पण न्हाणीघरातल्या नळाला पाणी होते. लेक बाळाला खांद्यावर घेऊन आली, तिने नळ फिरवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

‘‘गोठला. मी रात्री सोडला होता ना नळ?’’

जावई हळूच म्हणाले, ‘‘विसरली असशील. तुझी झोप तरी कुठे होते आहे?’’

ते तिला दोष देत नव्हते. तिची बाजूच घेत होते. आणि म्हणूनच ते वाक्य मला लागले. लेक म्हणाली, ‘‘हो, विसरलेच असेन.’’ मी काय म्हणालो? मी काहीच म्हणालो नाही. मी चष्मा पुसला.

जावयांनी केस वाळवायचे यंत्र आणले आणि सिंकखाली आडवे होऊन नळ जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथे ऊन हवा मारू लागले. अर्धा तास काही झाले नाही. मग भिंतीत कुठेतरी खुट्ट आवाज आला, नळाला दोन गुळण्या पाणी आले, आणि मुलांनी टाळ्या पिटाव्यात तोच कपाटाच्या पाठीमागच्या फळीतून पाण्याची चादर बाहेर आली. हां हां म्हणता स्वयंपाकघराची लाकडी जमीन पाण्याखाली. तिथून ते फटीफटीतून तळघराच्या छतावर. नातू ओरडतो आहे, बाळ रडते आहे, सौ. फडकी टाकते आहे.

मी मात्र त्या क्षणी कामाचा निघालो. मीटर कुठे आहे ते मला ठाऊक होते. तळघरात धावलो. मीटरअलीकडचा कॉक जुना, चाकाच्या मुठीचा, वर्षानुवर्षे न फिरवलेला. दोन्ही हातांनी, पंचाभोवती पीळ देऊन, बसवला एकदाचा. तेवढ्या तीन-चार मिनिटांत शे-सव्वाशे लिटर पाणी घरात आले असावे, हा माझा धंदेवाईक अंदाज. वर आलो तो जावई म्हणतात, ‘‘बाबा होते म्हणून निभावलं.’’ दुपारी सौ.ने पुण्याला फोन करून सगळ्या नातेवाइकांना माझा पराक्रम सांगितला. मी शेजारच्या खोलीत बसून तो ऐकला. तीन आठवड्यांचे बाळ, बाहेर उणे तीस, आणि घरात ऊन पाणी नाही. जावयांनी दुकानातून तांब्याच्या नळावर नुसते दाबून बसवायचे टोपण आणले, मी फुटका फाटा कापून त्यावर ते बसवले आणि बाकीच्या घराचे पाणी संध्याकाळी सुरू केले. त्याबद्दल पुन्हा कौतुक. चोराला कोतवालाचा मान मिळाल्यावर कसे वाटत असेल याची मला त्या दिवशी कल्पना आली.

प्लंबर तिसऱ्या दिवशी उगवला. साऱ्या शहराचे नळ फुटले होते, त्याचा दोष नव्हता. गृहस्थ पन्नाशीचा, दाढीवाला, हातात विजेरी. त्याने भिंतीचा पत्रा कापला, आतला तांब्याचा नळ कापून काढला आणि माझ्या हातात ठेवला. नळाच्या अंगावर दोन इंच लांबीची चीर, कडा बाहेर वळलेल्या, अगदी माशाने आ वासावा तशी. मी विचारले, ‘‘बर्फ इथेच झाला होता ना?’’ तो म्हणाला, ‘‘नाही. इथे बर्फ कधीच झाला नाही.’’

वाचकहो, चाळीस वर्षे पाण्यात काढलेल्या माणसाला त्या दिवशी पाण्याची गोष्ट नव्याने समजली, ती तुम्हालाही सांगतो. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, हे शाळेत शिकलो होतो. त्यावरून माझा समज असा की, बर्फ आडवा फुगतो आणि जिथे फुगतो तिथे नळ फोडतो. प्रत्यक्षात सहसा तसे होत नाही. भिंतीच्या गारठलेल्या कोपऱ्यात, जिथे आतले कापसासारखे अस्तर सरकलेले असते आणि फटीतून वारा येतो, तिथे नळात बर्फाचे बूच धरते. मग ते बूच नळाच्या लांबीने वाढत जाते. रस्त्याच्या बाजूचे पाणी मागे सरकू शकते, त्याला वाट असते. पण बुचाच्या आणि बंद नळाच्या तोटीच्या मधे जे पाणी सापडते त्याला वाट नसते. पिचकारीच्या तोंडावर बोट दाबून मागून दट्ट्या रेटत राहावे, तसा प्रकार. एरवी घरच्या नळात चौरस इंचाला चाळीस-साठ पौंड दाब असतो, तो मग हजारो पौंडांवर चढतो. तांबे खानदानी खरे, पण त्यालाही अंत असतो. ते आपल्या दुबळ्या जागी फाटते, आणि ती जागा पुष्कळदा उबेतली असते. फाटले तरी लगेच कळत नाही, कारण बूच पाणी अडवून असते. बूच वितळले की पूर. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम नळ गोठवून हे प्रयोग केले आहेत. उघड्या, आच्छादन नसलेल्या नळाला बाहेर उणे सात अंश झाले की धोका सुरू होतो, हा आकडा त्यांचाच.

आता ठिबकत्या नळाचे मर्म आले ना ध्यानात? थेंब थेंब वाहते पाणी गोठायला थोडे अवघड, हा फायदा दुय्यम. खरी गोष्ट ही की, नळ किंचित उघडा असला तर सापडलेल्या पाण्याला वाट राहते, दाब चढत नाही. प्लंबरने हे सगळे सांगून शेवटी सहज म्हटले, ‘‘नळ ठिबकत ठेवला असता तर गोठलाही असता कदाचित, पण फुटला नसता.’’

जावयांनी लेकीकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही, हे मला दिसले. लेक खाली पाहत होती.

मी म्हणालो, ‘‘तिने ठेवला होता. रात्री दोन वाजता मी बंद केला. कपाटाची दारंही मीच लावली.’’ हे मराठीत म्हणालो. प्लंबर आपला बिचारा चीर पाहत उभा.

कुणी काही बोलेना. मग सौ. म्हणाली, ‘‘ठाऊक आहे मला. सकाळी मी उठले तेव्हा दारं लावलेली होती. या घरात ती लावणारे दुसरे कोण?’’ म्हणजे दोन दिवस ती सारे जाणून गप्प होती, आणि वर पुण्याला फोन करून माझा पराक्रम वर्णन करत होती! पन्नास वर्षांच्या संसारात मला या बाईचा थांग लागलेला नाही. लेकीने काय केले, तर बाळाला माझ्या मांडीवर ठेवले आणि ती म्हणाली, ‘‘बाबा, जरा धरा हिला. मी त्याच्याशी नळाचं ठरवते.’’

ठरवायचे ते हे की, पुन्हा तांबे घालायचे की नळी. प्लंबरने गाडीतून पांढऱ्या नळीचे वेटोळे आणले. बागेला पाणी घालायच्या नळीहून ताठ, पण मनगटावर सहज वळणारी. तिकडे तिला पेक्स म्हणतात. माझे तोंड वाकडे झालेले पाहून लेक हसली. त्या आठवड्यातले तिचे ते पहिले हसू, म्हणून मी वाद आवरता घेतला. आवरता म्हणजे काय, तासभर चालवला.

माझा मुख्य आक्षेप असा की, प्लॅस्टिक आज नवे दिसते, दहा वर्षांनी काय? प्लंबर उलट माझ्या बाजूने बोलू लागला. १९७८पासून १९९५पर्यंत अमेरिकेत लाखो घरांत एक करडी नळी घातली गेली, पॉलिब्युटिलीनची. स्वस्त, लवचिक, थंडीलाही सोशीक. सगळे खूश. पण गावाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असते, ते या नळीला आणि तिच्या प्लॅस्टिकच्या जोडांना आतून खाऊ लागले. वरून नळी धडधाकट, आतून भेगाळलेली. बाहेर काही दिसायचे नाही आणि एक दिवस भिंत ओली. प्रकरण कोर्टात गेले आणि १९९५ साली सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ‘‘तेव्हा तुम्ही संशय घेता ते बरोबर आहे,’’ प्लंबर म्हणाला. ‘‘फक्त ही नळी ती नव्हे.’’ त्याने नळीच्या अंगावरची बारीक छापील ओळ दाखवली. ती पिण्याच्या पाण्यासाठी चालते की नाही, क्लोरीनपुढे कितपत टिकते, किती तापमानाला किती दाब सोसते, सारे तिच्यावर लिहिलेले. तेवीस अंशाला चौरस इंचास १६० पौंड, ब्याऐंशी अंशाला १००. अशी जन्मपत्रिका अंगावर घेऊन हिंडणारी वस्तू मला नेहमीच आवडते.

ही नळी मुळात साध्या पॉलिथीनची, आपल्या पिशवीच्या जातीची. फरक आतल्या विणीत. साध्या पॉलिथीनचे रेणू म्हणजे सुंभाच्या सुट्या लांब दोऱ्या, एकमेकींशेजारी पडलेल्या. ऊन लागले की घसरतात, ताणले की सरकतात. या नळीत त्या दोऱ्यांना जागोजाग आडव्या गाठी मारलेल्या असतात. दोऱ्यांचा गुंता आणि विणलेली बाज यांत जो फरक, तो. बाजेवर बसा, ती लवते. उठा, पुन्हा पूर्ववत. थॉमस एंगेल या जर्मन माणसाने १९६८च्या सुमारास अशा गाठी मारण्याची एक रीत काढली. स्वीडनमधल्या विर्स्बोच्या कारखान्याने १९७२ साली तिचे उत्पादन सुरू केले. (१९७२! मी त्या वेळी सांगोल्यात टँकरमागे धावत होतो.) अमेरिकेत ती १९८०नंतर आली, प्रथम जमिनीखालून ऊन पाणी फिरवून घर उबदार ठेवायला, आणि मग पिण्याच्या पाण्यासाठी. मिनियापोलिसच्या दक्षिणेला अॅपल व्हॅली म्हणून गाव आहे, तिथेच तिचा मोठा कारखाना.

पण माझे मत फिरले ते ही माहिती ऐकून नव्हे, जोड पाहून. आमच्या काळी जोड म्हणजे डाय फिरवून आटे पाडा, दोरा गुंडाळा, सफेदा फासा, पाना लावून घाम गाळा. तांब्याला तर जाळ, भिंतीतल्या लाकडाशेजारी. या माणसाने नळीच्या टोकावर त्याच जातीचे एक कडे सरकवले, हातातल्या यंत्राची चोच नळीत घालून तिचे तोंड फुलवले आणि पितळी जोड आत सारला. मग नुसता धरून उभा राहिला. पाहता पाहता नळी आकसून जोडाला आवळून बसली. मी ओरडलोच, ‘‘अहो, ही तर धाव चढवणं झालं!’’ बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती निवता निवता चाकाला कवटाळते, तोच प्रकार, फक्त विस्तवावाचून. जावयांनी प्लंबरला ते इंग्रजीत समजावले तेव्हा त्याने विचारले, ‘‘चाकाला लावायला किती वेळ लागतो?’’ मग आमची गट्टी जमली. त्याने मला नळीचा एक तुकडा मुद्दाम मोडून, चिमटा पाडून दाखवला आणि त्यावर ऊन हवा धरली. पांढरी नळी हळूहळू काचेसारखी पारदर्शक झाली, चिमटा आपोआप भरला, आणि निवल्यावर ती पुन्हा पांढरी. बाजेची आठवण नळीच्या अंगात मुरलेली असते म्हणायची. मात्र ही करामत या नळीच्या एकाच प्रकाराची. दुसऱ्या प्रकारांना चिमटा पडला तर तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो.

‘‘म्हणजे ही फुटायची नाही?’’ सौ.ने मुद्द्याचे विचारले. तो म्हणाला, ‘‘फुटत नाही असं जो सांगेल त्याच्याकडून घेऊ नका. तांबं फाटेल तिथे ही फुगेल, बर्फ वितळला की परत बसेल. बहुतेक वेळा. पण जोड पितळेचे आहेत. पितळ फुगत नाही.’’ शिवाय तिची पथ्ये बरीच. ऊन सोसत नाही, म्हणून घराबाहेर उघडी ठेवायची नाही. पाणी तापवायच्या बंबाला थेट जोडायची नाही, पहिली दीड फूट धातूचीच हवी. तांब्याच्या मानाने ऊन पाण्याने पुष्कळ लांबते, म्हणून भिंतीत थोडी सैल सोडायची. उंदीर तिला कुरतडतात. आणि अर्ध्या इंचाची म्हटली तरी आतले भोक तांब्याहून लहान, कारण अंग जाड. हे शेवटचे मी त्याला विचारण्याआधीच पट्टी लावून मोजले होते.

खरी शहाणपणाची गोष्ट त्याने नंतर केली. नवी नळी बाहेरच्या भिंतीतून नेलीच नाही. तळघराच्या छताला धरून आतल्या आत नेली आणि सिंकखाली जमिनीतून वर काढली. वळणारी असल्याने मधे एकही जोड नाही. तळघरात मीटरजवळ एक पितळी फाटेखांब बसवला, त्यातून प्रत्येक नळाला स्वतंत्र नळी आणि प्रत्येकीला आपापला कॉक, गारेला निळी, उन्हेला तांबडी. आता एखादा नळ बिघडला तर साऱ्या घराचे पाणी बंद करायला नको. हे मात्र मला आमच्या संस्थेत तीस वर्षे सांगूनही कुणाच्या गळी उतरवता आले नव्हते. मी दोन दिवस त्याच्या हाताखाली नळी ओढली, वेटोळी उलगडली, त्याला सौ.चे डिंकाचे लाडू खिलवले. जाताना त्याने मला नळीचा वीतभर तुकडा दिला, तो माझ्या टेबलावर आहे. सौ.ने मात्र पहिले आठ दिवस त्या नळाच्या पाण्याचा चहा केला नाही. प्लॅस्टिकचा वास येतो म्हणे. मला येत नव्हता, पण त्या दिवसांत माझ्या मताला घरात फारसे वजन नव्हते.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा नळ तेवढा राहिला होता. तो जुना, तांब्याचा आणि बाहेरच्या भिंतीतला. त्याचे काम उन्हाळ्यात करायचे ठरले. फेब्रुवारीत पुन्हा एका रात्री पारा खूप उतरणार असे सांगितले गेले. जेवणे झाली. लेक बाळाला पाजता पाजता म्हणाली, ‘‘बाबा, वरचा नळ आज तुम्हीच सोडून या.’’

मी वर गेलो. नळ सोडला, थेंबांमधले अंतर कमीजास्त करून पाहिले आणि सेकंदाला एक थेंब असा बेताचा ठेवला. मग खाली येऊन स्वयंपाकघरातून एक पातेले आणि तांब्या घेऊन पुन्हा वर गेलो. पातेले थेंबाखाली ठेवले. रात्रभर टिप् टिप् ऐकू येत होते. झोप लागली म्हणता येणार नाही.

सकाळी उठल्याबरोबर मोजले. रात्रभरात जमलेले पाणी भरले पावणेदोन तांबे. त्यातला एक सौ.ने दिवाणखान्याच्या खिडकीतल्या तुळशीला घातला, आणि उरलेल्याचा चहा झाला.